उंटाची दुपार

"पण तो तिथे दिवसभर करतो काय?" बायकोच्या मावशीने विचारलं, आणि त्याच्या हातातला चमचा वाडग्याच्या काठाशीच थांबला.

प्रश्न साधा होता. मावशीचे सगळेच प्रश्न साधे असत. तिची सारी नोकरी स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेली होती. माणूस रडवेला होऊन सांगायला लागला की माझी बॅग गेली, तर तिने शांतपणे विचारायचं, रंग कुठला, चेन की बक्कल, आत काय काय होतं. निवृत्त होऊनही ती खिडकी तिच्या अंगातून गेली नव्हती. त्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेल्यावर, सूप संपता संपता, त्याने नेहमीसारखी उंटाची गोष्ट काढली. उंट म्हणजे त्याचा मित्र. तरुणपणी दोघे एकाच कारखान्यात एकाच बाकावर शेजारी शेजारी बसून कवळ्या बनवायचे. उंच, पुढे झुकलेला, लांब मानेचा, आणि स्वतःशीच काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा हलवायची सवय. उंट हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याच्या सख्ख्या बहिणीनेही ते उचललं होतं. हा उंट आठ-नऊ वर्षांपूर्वी बाक सोडून दूरच्या एका गरीब देशात निघून गेला. तिथल्या एका इस्पितळात, पगार न घेता, लोकांना दात करून द्यायला. गोष्ट इथून सुरू व्हायची. मग डोंगरातून दिवस दिवस चालत येणारे लोक यायचे, मग उन्हाळा, मग डास, आणि शेवटी ती म्हातारी, जिने दात बसवल्याबरोबर मक्याचं कणीस खाल्लं आणि अर्धं मोडून उंटाच्या हातात ठेवलं. इथे ऐकणारे हमखास गप्प व्हायचे. त्याचाही गळा दरवेळी थोडा भरून यायचा, आणि तो येतो आहे हे त्याला कळायचंसुद्धा.

मावशी गप्प झाली नाही. "सेवा करतो," तो म्हणाला. "सेवा करतो ते कळलं," मावशी म्हणाली, "पण सकाळी उठल्यावर काय करतो? राहतो कुठे, वरच्या मजल्यावर की खाली? कपडे कोण धुतं त्याचे? संध्याकाळी बोलायला कुणी आहे का?" तिच्या आवाजात खोच अजिबात नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोने पटकन मीठ मागितलं, विषय दुसरीकडे गेला, मावशीच्या जिन्यातला दिवा, शेजाऱ्यांचं कुत्रं. तो मान हलवत राहिला, पण चमचा कितीतरी वेळ तसाच हातात होता.

घरी परत जाताना बायको दुकानांच्या काचांत बघत चालली होती आणि तो तिच्या अर्धा पाऊल मागे. रविवारच्या दुपारी त्या रस्त्यावर अर्धी दुकानं बंद असायची, उघड्या दुकानांतले लोकही दारात उभे राहून जांभया द्यायचे. त्याला वाटलं, खिशात हात घालावा आणि वर्षानुवर्षं तिथे आहे असं धरून चाललेलं पाकीट नसावं, तसं काहीसं झालंय. उंट आपल्याला माहीत आहे असं तो धरून चालला होता. मनातल्या मनात त्याने उंटाला तिथे बघायचा प्रयत्न केला. एक पांढरी भिंत आली, घामाने भिजलेला सदरा आला, आणि पुढे काहीच येईना. भिंतीला खिडकी आहे का? उंट उभा आहे की बसला आहे? ते कणीस तरी कुठून आलं? आणि मग चालता चालताच त्याला आठवलं, की ते कणीस नव्हतंच. पहिल्या वर्षी फोनवर उंटाने सांगितलं होतं ते बिस्कीट होतं. बिस्किटाचं कणीस त्याने स्वतः केलं होतं, कधी ते आठवत नव्हतं. बहुधा कारागिरांच्या संघटनेच्या सभेत. बिस्कीट काय, बोळक्या तोंडानेही चहात बुडवून खाता येतं, ऐकणाऱ्याला त्यात काय वाटणार. कवळी पॉलिश करताना जसं घासत घासत जायचं, आधी जाड पट्टा, मग मऊ ब्रश, मग नुसतं कापड, बोटाला कुठे कंगोरा लागेनासा होईपर्यंत, तशी त्याने ती गोष्ट घासली होती. "काय झालं?" बायकोने वळून विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "उंट वरच्या मजल्यावर राहतो का खाली?" बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मला काय विचारतोस? मित्र तुझा."

सोमवारी बाकावर बसल्यावरही ते डोक्यातून जाईना. कारखाना म्हणजे खरं तर एका जुन्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकाचं टेबल, मागच्या खोलीत खिडकीखाली लांब लाकडी बाक, त्यावर स्पिरिटचे दिवे, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, रांगेने मांडलेले प्लास्टरचे जबडे. ॲक्रिलिकच्या पातळ द्रवाचा वास नव्या माणसाच्या डोक्यात जायचा. त्याला तो सुटीच्या दिवशी नसला की चुकल्यासारखं व्हायचं. दातांच्या दवाखान्यांतून तोंडांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा करायचा, मेणात एकेक दात उभा करायचा, मग मेण जाऊन त्या जागी पक्की कवळी यायची आणि डबीतून परत दवाखान्यात जायची. कुणाचं तोंड, कुठल्या माणसाचं, हे बाकावर बसणाऱ्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. उंट डावीकडे बसायचा. आता तिथे घासायची मोटर ठेवली होती. उंटाच्या पुढच्या दोन दातांत फट होती, काम रंगात आलं की तिच्यातून शीळ यायची, सूर नसलेली, नुसती हवा. दुसऱ्यांच्या फटी बुजवणाऱ्याने स्वतःची ठेवावी याचं सगळ्यांना हसू यायचं. "राहू दे की," उंट म्हणायचा, "मला वारा लागतो." आणखी त्याची आठवण म्हणजे पोट. उंटाला सदैव ॲसिडिटी. खिशात गोळ्यांची पट्टी, दुपारी जेवण झालं की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा. झोप म्हणून नव्हे, तर जळजळ उतरायची वाट बघत. मग तो हॉलमधला कार्यक्रम. परदेशी काम करणाऱ्या संस्थेच्या एक बाई संघटनेत आल्या होत्या, पडद्यावर चित्रं दाखवत होत्या, आणि म्हणाल्या की दोन कारागीर हवेत. उंटाचा हात वर गेला. त्याला आधी वाटलं आळस देतोय. मग उंटाने दुसऱ्या हाताच्या कोपराने त्याला ढोसलं आणि समोर बघत हळूच म्हणाला, "चल." तेव्हा याच्या आईचं ऑपरेशन ठरलेलं होतं, मुलगी शाळेत नुकती रुळत होती. कारणं खरी होती, कुणालाही पटतील अशी. तो गेला नाही. निरोप समारंभात भाषण मात्र त्यानेच केलं. उंट खुर्चीत आखडून बसला होता, गुच्छ मांडीवर आडवा धरून, जबडा हलवत. भाषण संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "मेण्या, इतकं कशाला बोललास?" त्याला तो विनय वाटला होता. मेण्या हे नाव उंटानेच त्याला दिलं होतं, सारखा मेणात हात म्हणून. उंट गेल्यापासून त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

मधे एकदा उंट आला होता, बहिणीच्या आजारपणात, थोड्या दिवसांसाठी. संघटनेने पुन्हा गुच्छ दिला, पुन्हा भाषण त्याचंच. त्या वेळी घरी जेवायला आलेल्या उंटाला त्याने काय विचारलं होतं? काही नाही. तोच बोलत होता. बायको म्हणाली होती, तो बिचारा काहीतरी सांगायला जातो आणि तू म्हणतोस, धन्य आहे. त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. आता मेणात दात बसवता बसवता त्याला आठवलं की उंट त्या दिवशी एकदा म्हणाला होता, "तिकडे नदी आहे एक," आणि वाक्य तसंच राहिलं होतं, पुढे काय ते कुणी विचारलं नाही म्हणून. मेण थंड होऊन कडक झालं. त्याने ते परत दिव्यावर धरलं. सुरी गुलाबी मेणातून जाताना जो किंचित चरचर आवाज होतो तो त्याच्या कानात कितीतरी मोठा वाटला. नदी. नदीचं काय?

पुढच्या रविवारी दुपारी त्याने फोन लावला. एरवी फोन ठरावीक असे. उंट मालकाची चौकशी करायचा, बाक कसा आहे, मेण कुठल्या कंपनीचं वापरता. हा म्हणायचा, तू काळजी घे बाबा, तुझी कमाल आहे. मग लाइन खरखरायची आणि दोघांनाही बरं वाटायचं. या वेळी बायको टेबलावर इस्त्रीचे कपडे घड्या करत होती, आणि तो खिडकीशी उभा राहून, घसा साफ करून, परीक्षेला बसल्यासारखा म्हणाला, "तू आज सकाळपासून काय केलंस?"

उंटाने आधी विचारलं की सगळं ठीक आहे ना, वहिनी बऱ्या आहेत ना. सगळं ठीक आहे, तो म्हणाला, सहज विचारलं. खाली राहतोस की वर, तेही सांग. उंट हसायला लागला. ती हवेची शीळ फोनमधून इतक्या लांबून आली.

मग उंट बोलत गेला. आधी अडखळत, मग थांबेच ना. तो टायरच्या दुकानामागे खालच्या खोलीत राहतो. घरमालकीण पहाटे रेडिओ लावते, बातम्या त्याला अजून अर्ध्याच कळतात, पण हवामान पूर्ण कळतं. कपडे स्वतः धुतो, वाईट धुतो, म्हणून मालकीण ते पुन्हा धुते आणि बोलते. सकाळी वीज असते तेवढ्यात मोटरीवरचं काम उरकायचं. मग वीज जाते. ती कधी येईल ते कुणी विचारत नाही. इस्पितळाच्या पडवीत ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि तो सोंगट्या खेळतात, ड्रायव्हर लबाडी करतो, आणि पकडला गेला की असा चेहरा करतो की उंटालाच अपराधी वाटतं. मग जेवण. मग झोप. "झोप?" त्याने विचारलं. "गाढ," उंट म्हणाला. "पोट जळत नाही आता. कधी थांबलं ते कळलंच नाही. गोळ्या शोधल्या एकदा, तर कीड लागली होती पाकिटाला." आणि उन्हं कलली की नदीवर. तो पोहायला शिकलाय. या वयात. भूल देणाऱ्या डॉक्टरने शिकवलं. "नुसती मान वर असते पाण्याच्या," उंट सांगत होता, "पलीकडे बायका कपडे धुतात, त्या धुणं थांबवून बघतात आणि हसतात. मीही हसतो. पाणी तोंडात जातं, फटीतून."

तो ऐकत होता. त्याच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या भिंतीला एकामागून एक खिडक्या उघडत होत्या. "आणि काम?" त्याने विचारलं, कारण ते विचारायला हवं असं वाटलं. काम चालू आहे, उंट म्हणाला, पण खरं सांगायचं तर त्याची तशी गरज उरलेली नाही. तिथल्या दोन बायकांना त्याने शिकवलं, आता त्या दोघी त्याच्यापेक्षा सफाईने करतात. संस्थेने मागच्या वर्षीच विचारलं होतं की आता परत जायचं का. तो म्हणाला, राहतो. इस्पितळाने खोलीचं भाडं आणि जेवण देऊ केलं.

"मग का राहिलास?"

"आवडतं मला इथे," उंट म्हणाला. नंतर थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "सेवा-बिवा काही नाही रे, मेण्या. सुरुवातीला होती थोडी. आता नुसतं आवडतं."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? फोन उचलला की धन्य आहे म्हणायचास. धन्य म्हटल्यावर, मी दुपारी पोहायला जातो, हे कसं सांगायचं माणसाने?"

लाइन खरखरली. खरखरीतून उंट अजून काही सांगत होता. शेवटी एवढंच नीट ऐकू आलं. उंट म्हणत होता की इकडे कवळी तोंडात बसवतानाही आपणच असतो. तिकडे नुसते प्लास्टरचे जबडे बघितले होते आपण, इकडे समोर माणूस. आणि लोकांना वाटतं तसं कुणी आरशात बघून हसत-बिसत नाही. आधी जीभ फिरते. गालांच्या आतून दिसते फिरताना. अंधारात नव्या खोलीत गेलेला माणूस भिंती चाचपतो ना, तशी. "तेवढा वेळ कुणी बोलत नाही," उंट म्हणाला. "तेवढा वेळ मला फार…" आणि फोन कटला.

बायकोने सगळं ऐकलं होतं, त्याच्या बाजूचं. उरलेलं त्याने सांगितलं. नदी, ड्रायव्हर, झोप. ती हसली. उंटाला पोट सुटलं असेल, म्हणाली. मग त्याच्याकडे बघून तिने हातातली घडी खाली ठेवली. "म्हणजे तो मजेत आहे. चांगलंच झालं की. मग तुझं तोंड का उतरलं?"

 तोंड उतरलं होतं हे खरं. पुढचे कितीतरी दिवस ते उतरलेलंच राहिलं. जणू आपल्याला कुणी फसवलं आहे अशी एक बारीक, हलकट चीड त्याच्या मनात बसली होती आणि तिच्याकडे नीट बघायला गेलं की ती लाजून दुसरीकडे सरकायची. उंटाने फसवलं नव्हतं. उंट कधी म्हणाला होता की मी त्रासात आहे? उन्हाळा, डास, घाम, हे सगळं इकडचं होतं, याने पुरवलेलं. इतकी वर्षं तो थंडीत पांघरूण घेताना मनातल्या मनात उंटाला उकाड्यात उभा करत होता. जेवताना त्याला उपाशी ठेवत होता. आणि त्या हालांतल्या उंटाकडे मान वर करून बघताना स्वतःला किती बरं वाटायचं हे त्याला आता, बाकावर, प्लास्टरचा जबडा हातात घेऊन, जरासं भीतभीतच कळत होतं. इतक्या उंचावरच्या माणसाकडे नुसतं बघायचं असतं. आपल्याला थोडंच तसं जमणार? आपली आई होती, मुलगी होती. पण ज्या माणसाने काही सोडलंच नाही, नुसता आवडतं तिकडे गेला आणि राहिला, त्याचं काय करायचं? तो काही उंचावर नव्हता. तो शेजारच्याच बाकावरून उठून गेला होता. मग उठणं तेवढंच होतं का? आपल्याला काय आवडतं हे त्याने स्वतःला कधी विचारलं होतं? विचारून बघितलं, आणि मावशीने विचारल्यासारखंच झालं. आत कुणी उत्तर द्यायला नव्हतं. गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटायचं तितकं वाटलं नाही. उत्सुकता वाटली. बंद खोलीचं दार सापडावं आणि किल्ली कुठे असेल म्हणून खिसे चाचपावेत, तशी.

मालकांनी विचारलं, काय म्हणतो आपला उंट. एरवी या प्रश्नावर त्याच्यापाशी पाच मिनिटांचं उत्तर तयार असायचं. "दुपारी झोपतो," तो म्हणाला. मालकांनी चष्मा काढला. "तब्येत बरी नाही का?" "उलट," तो म्हणाला, आणि कामाला लागला. मालक बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने भिंतीला टेकून झोपायचाही प्रयत्न केला. झोप आली नाही. मोटर घरघरत होती, बाजूला कुणीतरी खोकत होतं, आणि मालक दोनदा येऊन बघून गेले. शनिवारी तो सार्वजनिक तलावावर गेला, जाळीबाहेर उभा राहिला, क्लोरिनच्या वासाने नाक चुरचुरलं, आणि त्याला पक्कं कळलं की पाण्यात शिरायची आपल्याला मुळीच इच्छा नाही. हे कळलं याचाही त्याला आनंद झाला. पोहणं उंटाचं. बायकोला येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "चला, एक गोष्ट तरी कमी झाली." तिला सगळं कळत होतं असं नाही, पण ती आता त्याला रोज संध्याकाळी विचारायची, आज काय शोधलंस. चेष्टेत विचारायची, आणि उत्तरासाठी थांबायची.

उरली होती ती जीभ. ती काही केल्या जाईना. त्याच आठवड्यात बाकावर एक पूर्ण काम आलं, वरची आणि खालची. खालचा जबडा झिजून अगदी बारीक झालेला, नुसती कड उरलेली, कवळीने कशाला धरून राहावं असा प्रश्न पडणारी. अशा कामाला सगळे वैतागतात. तो वैतागला नाही. दात उभे करताना त्याच्या मनात सारखं येत होतं, या तोंडात अंधार आहे आणि तिथे एक जीभ आहे. इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालून किती तोंडं गेली असतील, आणि त्यातल्या एकाचीही जीभ त्याच्या दातांवरून फिरताना त्याने पाहिली नव्हती. जबड्यावरून त्याने मनाशी एक बाई ठरवली. गोल चेहऱ्याची, बुटकी, बोलघेवडी. तिच्यासाठी पुढचे दोन दात त्याने किंचित, अगदी किंचित, वाकडे बसवले. सरळ रांग खोटी दिसते. कवळी गरम पाण्यात शिजून बाहेर आली, घासली गेली, पुसली गेली, डबीत गेली. डब्या पोचवायला एक माणूस दुपारी येत असे. त्याने तो यायच्या आधी कोट चढवला आणि मालकांना म्हणाला, ही मी देऊन येतो. मालक आता त्याला काही विचारायचं सोडून देण्याच्या बेतात होते.

दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. इतका जवळ, आणि त्याने त्याचं दार कधी ढकललं नव्हतं. फोनवरच ओळख. डॉक्टरीणबाई आवाजावरून वाटायच्या त्यापेक्षा तरुण निघाल्या. त्यांनी डबी घेतली, त्याचा आवाज ओळखला आणि चमकल्या. "तुम्ही स्वतः आलात? काही बिघडलंय का?"

"नाही," तो म्हणाला. मग वाटेत घोकलेलं वाक्य विसरून गेला आणि म्हणाला, "ही बसवताना मला बघायचंय. कोपऱ्यात उभा राहीन. इतकी वर्षं करतो, पण बसवताना कधी बघितली नाही."

बाई म्हणाल्या की बसा की, त्यात काय, पेशंट आत वाट बघतच आहेत, त्यांना विचारते. आत जाऊन आल्या आणि त्याला एक फिरतं स्टूल दिलं. तो त्यावर बसला आणि ते नेमकं फिरलं, तेव्हा पाय टेकवून त्याने ते थांबवलं. खुर्चीतली बाई गोल नव्हती, बुटकी नव्हती. उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेली, करड्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर छताकडे वळवली. जबड्यावरून माणूस ओळखता येतो या आपल्या विश्वासाचं त्याला हसू आलं. डॉक्टरीणबाईंनी वरची बसवली, मग खालची, अंगठ्याने दाबली, चावा म्हणाल्या, सोडा म्हणाल्या, आणि हातमोजे काढत जरा मागे सरकल्या.

खोलीत कुणी बोललं नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टिकटिक येत होती. आणि मग त्याला ते दिसलं. आधी उजवा गाल आतून हळूच फुगला, मग ते फुगलेपण सरकत ओठाखाली आलं, थांबलं, वर गेलं, डावीकडे वळलं. बाईचे डोळे छतावर होते पण छत बघत नव्हते. ती कुठेतरी आत होती, एकटी, चाचपत. पुढच्या दोन वाकड्या दातांपाशी जीभ अडली. मागे गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.  आपली बोटं गुडघ्यांवर हलताहेत हे त्याला दिसलं, जणू मेण अजून हातात आहे आणि अजून मऊ आहे. तेवढा वेळ मला फार, असं उंट म्हणाला होता, आणि पुढचा शब्द काय असेल यावर त्याने कितीदा विचार केला होता. आता त्याला वाटलं, उंटालाही तो शब्द ठाऊक नसेल.

डॉक्टरीणबाईंनी आरसा पुढे केला. तो न घेता म्हातारीने मान वळवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. "हे कोण?" ती म्हणाली. शब्द जाड आला, नव्या बुटातून चालल्यासारखा.

"दात मी केलेत," तो म्हणाला. उभा राहिला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने कुणाला म्हटलं नव्हतं, ते त्याला जरा मोठ्याने आलं.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घाई नव्हती तिला. पर्सवरचा एक हात उचलून तिने जबड्याला खालून लावला.

"खालची लागते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या की पहिले काही दिवस तसं होतंच, सवय होईल, तरी बघू आपण. त्याने ऐकलं, आणि ऐकलं नाही. कुणीतरी त्याला थेट, तोंडावर, सांगितलं होतं की लागते. हसू इतकं वर आलं की ते ओठांत दाबताना त्याचे डोळे भरले. डॉक्टरीणबाई मागे सरल्या, दिवा थोडा त्याच्याकडे वळवून दिला. तो खुर्चीशी आला आणि वाकला. तिच्या कोटाला साबणाचा वास होता.

"कुठे?" त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं.